जुन्या गाडीचा स्टेअरिंग शाफ्ट: आधी खेळ कुठे आहे ते शोधा, मग पाना लावा

नागपूरच्या वर्धा रोडला लागल्यावर गाडी सरळ ठेवायला स्टेअरिंग सारखं दोन-दोन बोटं इकडे-तिकडे हलवावं लागतं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की क्लचच्या पॅडलजवळ ‘कट्’ असा आवाज येतो. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येत नाही, हाताने आणावं लागतं. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मारुती ८००, जिप्सी, सुमो किंवा बोलेरोत ही लक्षणं दिसली की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला संशय टाय रॉड एंडवर (चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकाच्या जोडावर) जातो आणि दुसरा स्टेअरिंग बॉक्सवर (स्टेअरिंगचं फिरणं त्या दांड्यांकडे पोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीवर). या दोघांच्या वर, डॅशबोर्डखाली किंवा इंजिनाच्या कडेला असलेल्या शाफ्टकडे कोणी पाहत नाही. टाय रॉड एंड बदलून होतात, बॉक्सचा स्क्रू आवळून होतो, अलाइनमेंट होते आणि खेळ, म्हणजे चाकं न हलता स्टेअरिंगचं रिकामं फिरणं, होता तिथेच राहतो.

हा शाफ्ट करतो काय, ते आधी पाहू. स्टेअरिंगच्या चाकाखाली कॉलममध्ये एक वरचा शाफ्ट असतो. तो वर आणि खाली बुश किंवा बेअरिंगमध्ये फिरतो. पण स्टेअरिंग बॉक्स (किंवा काही गाड्यांत रॅकचा, म्हणजे दातेरी पट्टीचा, पिनियन) त्याच्या सरळ रेषेत बसत नाही. मध्ये पॅडल, फायरवॉल आणि इंजिन येतं. म्हणून दोघांना जोडणारा मधला छोटा शाफ्ट देतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना वाकून फिरू शकणारे जोड लावतात. हा जोड म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’. अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याची चार टोकं चार टोप्यांमध्ये आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक रोलरची रांग. काही गाड्यांत खालच्या क्रॉसऐवजी जाड कापडी थरांची रबरी चकती असते. मधला शाफ्ट बऱ्याचदा दोन तुकड्यांचा असतो आणि एक तुकडा दुसऱ्यात सरकतो. हे सरकणं दोन कामांसाठी असतं. चॅसिसवर बॉडी हलते तेव्हा तो धक्का कॉलममध्ये शिरत नाही, आणि समोरून ठोकर बसली तर शाफ्ट आत दबतो, भाल्यासारखा चालकाच्या छातीकडे येत नाही.

झीज कुठे होते हे यावरून कळतं. टोपीच्या सीलमधून पाणी आणि धूळ आत शिरली की ग्रीस संपतं, सुया गंजतात आणि क्रॉसच्या टोकावर सुयांच्या खाचा उमटतात. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे सुया पुन्हा पुन्हा त्याच जागी आपटतात आणि खाच मधोमध खोल होते. नागपूर भागात याला दोन्ही बाजूंनी खाद्य मिळतं. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढचं ऊन आणि वर इंजिनाची धग लागून जुनं ग्रीस मेणासारखं सुकतं. पावसाळ्यात काटोल-सावनेरच्या काळ्या मातीचा चिखल खालच्या जोडाला चिकटून राहतो. उमरेडच्या कोळसा खाणींकडे किंवा कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला रोज जाणाऱ्या गाड्यांत बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरचं काम करते. त्यात सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशर गनचं पाणी थेट जोडावर मारलं, तर उरलेलं ग्रीसही धुऊन जातं.

खेळ मोजायचा कसा

गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा. स्टेअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि समोर डॅशबोर्डवर एक खूण धरा. आता एका बोटाने स्टेअरिंग हळू फिरवा. पुढचं टायर हलायला लागेल तिथे थांबा, मग उलट्या बाजूला तसंच करा. दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा. पॉवर स्टेअरिंग असेल तर हे इंजिन चालू ठेवून करा. इंजिन बंद असताना बॉक्समधला टॉर्शन बार (पिळली जाणारी बारीक दांडी) पिळला जातो आणि तो खेळच वाटतो.

स्टेअरिंगचा व्यास साधारण ३८ सें.मी. धरला, तर कडेवरचे ३.३ मि.मी. म्हणजे एक अंश. अनेक मोटारींच्या मॅन्युअलमध्ये ३० मि.मी.पर्यंतचा खेळ चालतो असं लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे ९ अंश. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त खेळ नसावा असं सांगतो. ३८ सें.मी.च्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळपास १० सें.मी. ही कायद्याची शेवटची हद्द आहे, गाडी तिथपर्यंत चालवायची परवानगी म्हणून तिच्याकडे पाहू नका. पाच सें.मी. खेळ असलेली गाडी हायवेवर ट्रकच्या शेजारून नेताना काय होतं, हे चालवणाऱ्याला चांगलं माहीत असतं. खासगी गाडीला १५ वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करताना तपासणी होते, तेव्हाही स्टेअरिंग पाहिलं जातं. पण त्या तारखेची वाट पाहण्यासारखं हे काम नाही.

खेळ किती ते कळलं. आता तो कुठून येतो, हे शोधायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा आणि एकच्या मध्ये हळू डोलवत राहायचं. जोर लावायचा नाही, टायर जेमतेम हलेल इतकंच. दुसऱ्याने वरून खाली एकेका जोडावर बोट ठेवत जायचं. बोट असं ठेवायचं की अर्धं जोडाच्या वरच्या भागावर आणि अर्धं खालच्या भागावर येईल. वरचा भाग आधी हलला आणि खालचा किंचित उशिरा निघाला, तर खेळ त्याच जोडात आहे. डोळ्याला न दिसणारा फरक बोटाला कळतो. क्रम असा: वरचा क्रॉस, सरकता भाग, खालचा क्रॉस किंवा रबरी चकती, मग बॉक्समध्ये जाणारा दांडा आणि बॉक्समधून निघणारा आर्म, शेवटी टाय रॉड एंड. बॉक्सचा दांडा फिरतो पण आर्म हलत नाही, तर दोष बॉक्सचा. तिथपर्यंत सगळं एकत्र हलत असेल, तर शाफ्टला हात लावायची गरज नाही.

स्टेअरिंग वर-खाली किंवा बाजूला हलवून पाहिलं आणि ते हललं, तर ती वेगळी गोष्ट आहे. तो कॉलमचा बुश किंवा बेअरिंग. फिरण्यातला खेळ आणि हा खेळ एकत्र मोजू नका.

रबरी चकतीच्या गाडीत आणखी एक खूण मिळते. हॉर्नची अर्थ कॉलममधून जात असेल, तर चकतीवरून विणलेल्या तारेची एक छोटी पट्टी जोडलेली असते. ती तुटली की हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. हॉर्नचं बटण बदलण्याआधी तिथे एकदा पाहून घ्या, आणि पाहताना चकती तडकली आहे का, इंजिन ऑइल पडून फुगली आहे का, तेही बघा.

बॉक्सचा स्क्रू: सगळ्यात मोठी चूक

शाफ्टचा खेळ बॉक्सवर काढणं ही चूक इतकी सर्रास होते की थोडं थांबून सांगावं लागेल. आत पोलादी गोळ्या फिरणाऱ्या बॉक्सवर लॉकनट असलेला एक स्क्रू असतो. तो आवळला की आतले दाते जवळ येतात आणि खेळ कमी झाल्यासारखा वाटतो. पण बॉक्स मुद्दाम असा बनवलेला असतो की मधोमध, गाडी सरळ चालते त्या जागी, दाते सगळ्यात घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना थोडे सैल होतात. शाफ्टमधला खेळ लपवण्यासाठी तो स्क्रू आवळला, तर मधला भाग जाम होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग परत येत नाही, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला चिकटून राहते आणि बॉक्सचे दाते लवकर खाऊन जातात. शाफ्ट तर खराब होताच, आता बॉक्सही गेला. बोटाची परीक्षा करून बॉक्सचा दोष पक्का झाल्याशिवाय तो स्क्रू कोणालाही फिरवू देऊ नका.

याच्या अगदी उलट, सगळ्यात स्वस्त दोष आधी तपासा: जोडाचा चिमटा-बोल्ट. जोडाचं टोक दांड्यावर कोरलेल्या उभ्या दात्यांवर बसतं आणि एका बाजूला चिरलेलं असतं. चिरेतून जाणारा बोल्ट ते टोक आवळून धरतो. बोल्ट ढिला असेल, तर सगळा खेळ तिथूनच येत असू शकतो आणि पाच मिनिटांत काम होतं. पण आवळताना चिरेकडे पाहा. चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या तरी खेळ उरला, तर दाते झिजले आहेत. आवळायला आता जागाच उरली नाही. तिथे पत्र्याची पट्टी खुपसून भागवू नका, ती पट्टी काही दिवसांत दबते आणि बाहेर येते.

वेल्डिंग नको

‘क्रॉसला दोन टाके मारून देतो, वीस वर्षं हलणार नाही,’ असं सांगणारे मिस्त्री भेटतील. वेल्डिंगच्या धगीने शेजारच्या पोलादाचा कडकपणा बदलतो आणि टाक्याच्या कडेला ते ठिसूळ होतं. स्टेअरिंगचा शाफ्ट दर वळणावर एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पिळला जातो. अशा उलटसुलट जोरात बारीक चीर आतल्या आत वाढत जाते. वरून काही दिसत नाही, आवाज येत नाही आणि एक दिवस दांडा तुटतो. ब्रेक गेले तर हँडब्रेक उरतो, गिअर उरतो. स्टेअरिंग सुटलं तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. शिवाय ज्या जोडाने वाकून फिरायचं तोच वेल्डिंगने जखडला, तर सगळा ताण कॉलमच्या बेअरिंगवर आणि बॉक्सच्या सीलवर जातो. स्टेअरिंगच्या कोणत्याही भागावर वेल्डिंग करायचं नाही, यात सूट नाही.

क्रॉस बदलायचा की पूर्ण शाफ्ट

टोप्या सर्कलिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडकवलेल्या असतील, तर फक्त क्रॉस बदलता येतो. टोप्यांच्या तोंडाशी पंचाने ठोकून धातू दाबलेला असेल, तर तो जोड उघडण्यासाठी बनवलेलाच नाही. तिथे जोडासकट शाफ्ट घ्यावा. छोट्या मोटारींत बहुतेक हाच प्रकार दिसतो. सरकत्या भागात किंवा दात्यांत झीज असेल तरीही पूर्ण शाफ्टच.

क्रॉस घेताना जुना सोबत न्या आणि व्हर्नियरने दोन मापं घ्या: टोपीचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन टोप्यांच्या पाठींमधलं अंतर. अर्ध्या मि.मी.चा फरकही चालत नाही. टोपी भोकात हाताने सहज सरकत असेल, तर ती लहान आहे किंवा भोक मोठं झालं आहे. ती दाबूनच बसली पाहिजे. भंगारातला शाफ्ट घ्यायचा झाला, तर जोड दोन्ही दिशांना वाकवून पाहा. थोडा घट्ट चालेल, पण मध्ये कुठे अडकल्यासारखं वाटलं किंवा दोन्ही टोकं उलट पिळल्यावर किंचितही ‘टिक्’ झालं, तर घेऊ नका. वाकलेला, रंग जळलेला किंवा ठोकलेल्या गाडीतून काढलेला शाफ्टही नको.

काढताना

आदल्या संध्याकाळी दोन्ही बोल्टांवर आणि दात्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आणि पुढची चाकं अगदी सरळ. स्टेअरिंग सीट बेल्टने बांधून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाडीत हे बांधणं फार महत्त्वाचं आहे. शाफ्ट सुटल्यावर स्टेअरिंग मोकळं फिरलं, तर आतली गुंडाळलेली केबल तुटते. एअरबॅगच्या गाडीत बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबूनच हात घाला, आणि अनुभव नसेल तर ते काम जाणकाराकडे द्या.

जोड, दांडा आणि शाफ्टचे दोन्ही तुकडे यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढा. ही रेघ विसरलात तर पुढचं अर्धं काम अंदाजाने करावं लागेल.

आता बोल्ट. जपानी घडणीच्या छोट्या गाड्यांत बहुधा १२ नंबरचा पाना लागतो. बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावर कोरलेल्या खाचेतून आडवा जातो. अर्ध्यात अडकलेल्या बोल्टावर शाफ्ट ओढत बसणारे लोक जोडाची वाट लावतात. बोल्ट निघाल्यावरही टोक सुटलं नाही, तर चिरेत छन्नी हलकेच घालून ती किंचित उघडा. किंचितच, जास्त फाकवली तर पुन्हा पकड घेणार नाही.

शाफ्टवर खालून हातोडा मारायचा नाही. वर दबणाऱ्या कॉलममध्ये प्लॅस्टिकच्या खिळ्या असतात, त्या तुटतात. खाली बॉक्सच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांचे खड्डे पडतात. आधी सरकता भाग आत दाबून जागा करा, मग एक टोक सोडवा, मग दुसरं. गंजून जाम झाला असेल, तर तेल आणि हाताने पिळत राहणं हाच उपाय. छोट्या मोटारीत हे तासा-दीड तासाचं काम आहे, गंजलेल्या जीपमध्ये अर्धा दिवस जातो.

क्रॉस दाबताना

बाकात (व्हाइसमध्ये) पकडून एका बाजूला टोपीपेक्षा लहान गोटी पाना (सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला टोपी आत मावेल इतका मोठा गोटी पाना ठेवा. बाक आवळला की एक टोपी आत जाते, समोरची बाहेर येते. नवीन टोपीतल्या सुया ग्रीसने चिकटवून ठेवा. नेहमीची गडबड अशी: एक सुई निसटून टोपीच्या तळाशी आडवी पडते. मग टोपी शेवटच्या दीड-दोन मि.मी.ला अडते आणि सर्कलिप खाचेत बसत नाही. तिथे जोर वाढवू नका. टोपी काढा, सुया मोजा आणि परत लावा. चारही सर्कलिप बसल्यावर जोडाच्या कानांवर (टोप्या ज्यात बसतात त्या फाट्यांवर) हातोडीने हलके ठोके द्या, म्हणजे टोप्या बाहेर सर्कलिपवर टेकतात आणि क्रॉस मोकळा फिरतो.

बसवताना: दोन कानांची दिशा

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. वाकलेला एकच क्रॉस वरून सारख्या वेगाने फिरवला, तरी खाली सारख्या वेगाने फिरत नाही. ३० अंशांच्या वाकात खालचा दांडा एका जागी १३ टक्के हळू आणि पाव फेरीनंतर १५ टक्के जलद जातो. दुसरा क्रॉस तितकाच वाकलेला असेल आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका पातळीत असतील, तर दुसरा पहिल्याची चूक पुसून टाकतो. सरकत्या शाफ्टचे तुकडे वेगळे करून चुकीच्या दात्यावर जोडले, तर चूक पुसली जाण्याऐवजी वाढते. मग एका फेरीत स्टेअरिंग दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. लोक मग बॉक्स उघडतात. पांढरी रेघ यासाठीच ओढली होती. गंजलेल्या कोरड्या क्रॉसमध्येही असंच जड-हलकं होतं, पण तो जोड हातात घेऊन वाकवला की लगेच कळतो.

सरकत्या भागाला लिथियम ग्रीस लावा, रबरी आवरण फाटलं असेल तर नवीन. जोड दांड्यावर पूर्ण आत गेला, तरच बोल्ट खाचेतून हाताने आरपार जातो. बोल्ट अडत असेल, तर ठोकून घालू नका. जोड अजून बसलेला नाही. बोल्ट आणि नट नवीन घ्या. ८ मि.मी.च्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात, जीपच्या मोठ्या बोल्टला मॅन्युअलमधला आकडा पाहा. आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून जोडापर्यंत रंगाची रेघ ओढा. पुढे कधी बोल्ट सरकला, तर ती तुटलेली दिसेल.

स्टेअरिंग तिरकं बसलं तर समजा एखादा दाता चुकला. ३६ दात्यांच्या दांड्यावर एक दाता म्हणजे १० अंश. हे शाफ्टवरच दुरुस्त करा. स्टेअरिंगचं चाक काढून सरळ बसवलं, तर इंडिकेटर एका बाजूला लवकर परततो. टाय रॉड कमी-जास्त करून स्टेअरिंग सरळ केलं, तर बॉक्सचा तो घट्ट मधला भाग बाजूला राहतो, गाडी सैल दात्यांवर सरळ चालते आणि नवीन शाफ्ट टाकूनही हायवेवर डोलते. शाफ्ट बदलल्याने टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) बदलत नाही, तेव्हा अलाइनमेंटच्या दुकानात ‘फक्त स्टेअरिंग सरळ करून द्या’ असं म्हणू नका.

पुढचा भाग जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दोन्ही बाजूंच्या फेऱ्या मोजा, त्या सारख्या यायला हव्यात. शाफ्ट सायलेन्सरच्या पाइपला, ब्रेकच्या नळीला किंवा वायरिंगला कुठेही घासत नाही ना, हे फिरवता फिरवता पाहा. मग मोकळ्या मैदानात चालत्या माणसाच्या वेगाने आठाचा आकडा काढा, वळणातून हात सैल सोडल्यावर स्टेअरिंग परत येतं का ते बघा, आणि मगच रस्त्यावर न्या. शंभरेक किलोमीटर चालल्यावर दोन्ही बोल्टांवरच्या रेघा तपासा आणि चिकटपट्टी लावून खेळ पुन्हा एकदा मोजा.